३१ नोव्हेंबर : एका घड्याळ-चिपची चूक आणि ड्रायव्हरमध्ये झालेली तिची दुरुस्ती

मूठ आवळून महिने मोजायला आपल्याला लहानपणीच शिकवतात. बोटाच्या हाडाचा उंचवटा आला की ३१ दिवस, दोन हाडांमधली खळगी आली की ३०, आणि फेब्रुवारीपुरता अपवाद. जुलै-ऑगस्टला लागोपाठ दोन उंचवटे येतात. सप्टेंबर खळगीत, ऑक्टोबर वर, नोव्हेंबर पुन्हा खळगीत.

आरके८०८ नावाच्या चिपमध्ये नोव्हेंबर उंचवट्यावर आहे. ३० नोव्हेंबरची मध्यरात्र उलटली की या चिपमधलं घड्याळ ३१ नोव्हेंबर दाखवतं. तो दिवस पुरा झाला की मग १ डिसेंबर. दरवर्षी न चुकता असंच. ही चूक सिलिकॉनमध्ये कोरलेली आहे. चिप विकली गेली, बोर्डावर बसली, लोकांच्या घरात पोचली, आता तिच्यातला एकही ट्रान्झिस्टर बदलता येणार नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम म्हणजे कर्नल, आणि त्यातला एखाद्या चिपशी बोलणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. डिसेंबर २०१५ मध्ये लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये या चिपसाठी एक पॅच (कोडमधली दुरुस्ती) लिहिला गेला. फार तर तीस-चाळीस ओळींचा कोड. घड्याळाच्या ड्रायव्हरांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी ओळीओळीने वाचावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

चिप, तिचं घड्याळ आणि कर्नल

आरके८०८ ही चीनमधल्या फुझो शहरातल्या रॉकचिप कंपनीची पॉवर मॅनेजमेंट चिप. त्याच कंपनीच्या आरके३२८८ या प्रोसेसरच्या शेजारी बसून प्रत्येक भागाला हवं ते व्होल्टेज पुरवणं हे तिचं मुख्य काम. मशीन बंद असलं तरी अशा चिपला बॅटरीचा थोडा प्रवाह मिळत राहतो, म्हणून घड्याळही बहुतेक वेळा तिच्याच पोटात ठेवतात. २०१५ मध्ये आलेल्या आसूसच्या क्रोमबुक फ्लिपसारख्या छोट्या लॅपटॉपमध्ये हीच जोडी होती.

या घड्याळाला आपण आरटीसी म्हणतो, म्हणजे रिअल टाइम क्लॉक. लॅपटॉप चालू असताना वेळ सांभाळतो तो कर्नल, आरटीसी नाही. आरटीसीकडे कर्नल वळतो तो मोजक्या प्रसंगी. बूट होताना 'आत्ता किती वाजले' हे विचारायला, झाकण उघडून मशीन झोपेतून उठतं तेव्हा किती वेळ झोपलो हे काढायला, आणि ठरावीक वेळी जागं करायचा अलार्म लावायला. बाकीचा काळ आरटीसी कोपऱ्यात गुपचूप टिकटिकत असते. तिच्यातल्या चुका वर्षानुवर्षं न दिसता राहतात त्या याचमुळे.

ड्रायव्हर या चिपशी आय-टू-सी बसवरून, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या वाहिनीवरून, बोलतो. सेकंद, मिनिट, तास, दिवस, महिना, वर्ष आणि वार अशी सात रजिस्टरं, म्हणजे चिपमधले आकडे ठेवायचे छोटे कप्पे, ओळीने वाचायची. आकडे बीसीडी पद्धतीने भरलेले असतात, म्हणजे दशकाचा अंक चार बिटांत आणि एककाचा पुढच्या चार बिटांत. वर्षाचे दोनच अंक. ड्रायव्हर त्यात २००० मिळवतो.

वाचतानाही एक काळजी घ्यावी लागते. सेकंदाचं रजिस्टर वाचून झालं आणि मिनिटाचं वाचायच्या आत घड्याळ पुढे सरकलं, तर १०:५९:५९ ऐवजी ११:००:५९ असं भलतंच काही हाती येईल. म्हणून चिपमध्ये एक बिट आहे. तो चढवला, म्हणजे १ केला, की चिप त्या क्षणाची सगळी वेळ बाजूच्या सावली-रजिस्टरांत उतरवून ठेवते, मग ती निवांत वाचायची. उतरवायला ३२ किलोहर्ट्झच्या घड्याळाचं एक आवर्तन लागतं, म्हणजे ३१.२५ मायक्रोसेकंद. तेवढं थांबायला ड्रायव्हर वेगळा विलंब घालत नाही. बिट चढवल्यावर तोच बिट पुन्हा खाली करायचा संदेश बसवरून पाठवतो. ४०० किलोहर्ट्झच्या बसवर एका बिटाला २.५ मायक्रोसेकंद लागतात आणि त्या संदेशात निदान १६ बिट जातात. ४० मायक्रोसेकंद आपोआप सरतात. हा हिशेब ड्रायव्हरमधल्या टिप्पणीत लिहून ठेवलेला आहे. पुढे येणाऱ्या माणसाला ही ओळ निरुपयोगी वाटून त्याने ती काढून टाकू नये, एवढी काळजी ती टिप्पणी घेते. मला हा भाग फार आवडतो.

एवढ्या निगुतीने वाचलेली तारीख मग कर्नलच्या आरटीसी गाभ्याकडे, म्हणजे सगळ्या घड्याळ-ड्रायव्हरांच्या सामाईक कोडकडे, जाते. तिथे प्रत्येक तारीख तपासली जाते. महिना १२ च्या आत आहे का, दिवस त्या महिन्यात बसतो का. कोणत्या महिन्याचे किती दिवस याचं कोष्टक कर्नलकडे आहे, आणि त्यात नोव्हेंबरपुढे ३० लिहिलं आहे.

चूक दिसते कशी

३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी तुम्ही लॅपटॉपचं झाकण मिटता. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडता. कर्नल आरटीसीला वेळ विचारतो, ती सांगते ३१ नोव्हेंबर, सकाळचे आठ. गाभा म्हणतो, ही तारीख अस्तित्वातच नाही. वाचन नाकारलं जातं. झोप मोजायला कर्नलकडे याच घड्याळाचा आधार असेल, तर रात्रीचे सगळे तास हिशेबात येतच नाहीत आणि पडद्यावर आदल्या संध्याकाळचीच वेळ पुढे चालू होते. मशीन पूर्ण बंद करून त्या दिवशी सुरू केलं तर आणखी वाईट. कर्नलला सुरुवातीची वेळच मिळत नाही. जवळ काहीच नसेल तेव्हा कर्नल १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतो, आणि घड्याळ १९७० चं असलं की वेबसाइटांची सुरक्षा-प्रमाणपत्रं तपासताना ती सगळी 'अजून लागू व्हायची आहेत' असं दिसतं.

त्याच्या पुढच्या दिवशी मात्र दृश्य पालटतं. खरी तारीख २ डिसेंबर, चिप म्हणते १ डिसेंबर. ही तारीख वैध आहे, कोष्टकात बसते, कोणी हरकत घेत नाही. घड्याळ २४ तास मागे पडलेलं असतं आणि कुठेही चुकीचा संदेश उमटत नाही. मला विचाराल तर ३१ नोव्हेंबरपेक्षा हा १ डिसेंबर जास्त धोक्याचा. अशक्य तारीख निदान पकडली जाते. शक्य पण खोटी तारीख सरळ आत शिरते.

आणि नेटवर्क जोडलेलं असेल तर हेही दिसत नाही. सिस्टीम नेटवरून खरी वेळ घेते, स्वतःचं घड्याळ सरळ करते आणि आरटीसीतही तीच वेळ लिहून टाकते. चूक पुसली जाते, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. वर्षातून एकदा, एका रात्री, आणि तीही नेट नसेल तरच नजरेला पडणारी ही चूक आहे. ड्रायव्हर २०१४ सालचा. लीप वर्षाची चाचणी बरेच जण घेतात, २८ फेब्रुवारी रात्री ११:५९:५५ लावून पाच सेकंद वाट पाहतात. ३० नोव्हेंबरला तसं करून पाहायचं कुणाच्या मनात सहज येणार नाही.

सुचणारी पहिली दुरुस्ती आणि ती का अपुरी

हे वाचताना तुमच्या मनात उपाय आलाच असेल. ड्रायव्हरने तारीख वाचली आणि ती ३१ नोव्हेंबर निघाली, तर ती १ डिसेंबर समजायची आणि चिपमध्येही १ डिसेंबर लिहून टाकायची. दोन ओळींचं काम.

त्या दिवशी मशीन चालू असेल तर हे चालेल. पण समजा लॅपटॉप २५ नोव्हेंबरला बंद करून कपाटात ठेवला आणि १० डिसेंबरला काढला. चिप सांगेल ९ डिसेंबर. ड्रायव्हरने काय समजायचं? मध्ये ३१ नोव्हेंबर येऊन गेला की नाही? तीच ९ डिसेंबर ही तारीख, आदल्या दिवशी नेटवरून सरळ केलेल्या घड्याळातही दिसू शकते, आणि मग ती खरी असेल. रजिस्टरांत दोन्हीकडे तेच सात आकडे. त्यांच्याकडे कितीही वेळ बघत बसलं तरी त्यामागची कहाणी त्यातून निघत नाही.

मग दुसरा विचार येतो की शेवटची पाहिलेली तारीख कुठेतरी नोंदवून ठेवू. ठेवणार कुठे? घड्याळाचा ड्रायव्हर जागा होतो तेव्हा डिस्कवरच्या फाइली उपलब्ध असतीलच असं नाही. डिस्क बदलली, सिस्टीम नव्याने टाकली, की नोंद गेली. दुसऱ्या कुठल्या सिस्टीमने मध्येच चिपमध्ये वेळ लिहिली तर नोंद खोटी ठरली. शिवाय मशीन एक वर्ष बंद राहिलं की तीन वर्षं, हेही त्या नोंदीतून विश्वासाने कळायला हवं. घड्याळ दुरुस्त करायला दुसऱ्या एका स्मृतीवर विसंबायचं आणि ती स्मृती घड्याळापेक्षा कमी टिकाऊ, असा हा मामला होतो.

पॅच लिहिणाऱ्याने ही वाट विचारपूर्वक सोडली आणि तसं कमिटच्या संदेशात, म्हणजे बदलासोबत लिहिलेल्या टिपणात, नोंदवलं. चिपमधली तारीख वेळोवेळी 'सुधारत' बसायचं नाही, कारण मशीन किती वर्षं बंद असेल हे सांगता येत नाही, आणि तरीही वेळ तंतोतंत राहायला हवी.

चिपची तारीख चूक नाही, ते वेगळं कॅलेंडर आहे

इथे पॅचमधला खरा विचार येतो. चिप चुकते असं म्हणणं सोडून द्यायचं. चिप एक वेगळं कॅलेंडर पाळते आणि ते अगदी शिस्तीने पाळते, असं धरायचं. त्या कॅलेंडरात नोव्हेंबर ३१ दिवसांचा आहे, बाकी सगळं आपल्यासारखंच, लीप वर्षांसकट. कोडमधल्या टिप्पणीत त्याला सरळ 'रॉकचिप कॅलेंडर' म्हटलं आहे. कमिटच्या संदेशाची सुरुवात १५८२ सालच्या पोप ग्रेगरी तेरावे यांच्या कॅलेंडर-सुधारणेपासून होते. मला ती तुलना नेमकी वाटते. दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी असली की त्यांच्यात रूपांतराचा नियम लागतो. तो नियम पक्का असला की कोणत्याही कॅलेंडरला चूक म्हणायची गरज उरत नाही.

आपल्याकडे इतिहास वाचणाऱ्यांना हे सवयीचं आहे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेतली आहे, तेव्हाचे इंग्रज तीच पाळत. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १६ जून येतो. तिथी तर एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. दहा दिवसांचं अंतर माहीत असलं की एकीवरून दुसरी कधीही काढता येते.

रॉकचिप आणि ग्रेगोरियन यांच्यातलं अंतर मात्र स्थिर नाही. दरवर्षी नोव्हेंबर संपताना ते एका दिवसाने वाढतं. म्हणून एक जुळणीचा दिवस ठरवावा लागतो, ज्या दिवशी दोन्ही कॅलेंडरं एकच तारीख दाखवत होती असं मानायचं. पॅचने तो १ जानेवारी २०१६ धरला. पंचांगाचं गणित करणारेही असंच करतात. युगारंभापासून दिवस मोजत बसण्यापेक्षा जवळचा एखादा शक आरंभ धरतात आणि तिथपासूनचा अहर्गण, म्हणजे सरलेल्या दिवसांची संख्या, काढतात. आरंभ कोणता, हे महत्त्वाचं नसतं. सगळ्यांनी तोच धरला पाहिजे, हे महत्त्वाचं.

टिप्पणीत तो दिवस 'मनाला येईल तसा' निवडला असं म्हटलं आहे. पण हिशेब करून पाहिला तर निवड फार सोयीची पडलेली दिसते. पॅच लिहिला गेला डिसेंबर २०१५ मध्ये. या नियमाने डिसेंबर २०१५ पासून ३० नोव्हेंबर २०१६ पर्यंत दोन्ही कॅलेंडरांतलं अंतर शून्य आहे. म्हणजे त्या महिन्यात नेटवरून सरळ झालेलं घड्याळ जुन्या कर्नलने वाचलं काय आणि नव्याने वाचलं काय, उत्तर तेच. अपडेट झाल्या क्षणी कुणाचंही घड्याळ उडी मारत नाही. पुढे जवळपास वर्षभर जुना आणि नवा कोड गुण्यागोविंदाने नांदू शकतो, तेवढ्यात सगळीकडे नवा पोचवता येतो. आधीच्या तारखांची हमी पॅच देत नाही. तो पुढच्या काळासाठी आहे.

हिशेब हाताने करून पाहू

नियम असा. तारखेतल्या वर्षातून २०१६ वजा करा. महिना डिसेंबर असेल तर एक मिळवा. जो आकडा येईल तितक्या वेळा १ जानेवारी २०१६ नंतर नोव्हेंबर संपून डिसेंबर लागला, तितके दिवस चिप मागे आहे.

चिपवर दिसतंय १५ जून २०१७. २०१७ वजा २०१६ म्हणजे एक, महिना जून, म्हणून अंतर एक दिवस. खरी तारीख १६ जून. चिपवर १ जानेवारी २०२५ असेल तर अंतर नऊ, खरी तारीख १० जानेवारी.

खुद्द ३१ नोव्हेंबरचं काय? ड्रायव्हर तारीख आधी १९७० पासूनच्या सेकंदांत बदलतो, म्हणजे कर्नलचा अहर्गणच म्हणा. ते करणारं फंक्शन महिन्याचे दिवस तपासत बसत नाही, नुसती बेरीज करतं. त्याच्या लेखी नोव्हेंबरचा ३१ वा दिवस म्हणजे डिसेंबरचा पहिला. म्हणून चिपवर ३१ नोव्हेंबर २०१६ असेल तर बेरीज १ डिसेंबरवर येते, महिना अजून नोव्हेंबर असल्याने अंतर शून्य, आणि उत्तर १ डिसेंबर २०१६. बरोबर. दुसऱ्या दिवशी चिपवर १ डिसेंबर, अंतर एक, उत्तर २ डिसेंबर. तेही बरोबर. वेगळा अपवाद लिहावा लागला नाही. मात्र वाचणाऱ्याला हा नशिबाचा भाग वाटू नये म्हणून कोडमध्ये ते एका ओळीत सांगितलेलं आहे.

उलट दिशा, म्हणजे आपली तारीख चिपमध्ये लिहिताना, जरा नाजूक आहे. १ डिसेंबर २०१८ लिहायचा आहे. नियमाने अंतर तीन. तीन दिवस मागे गेलो तर २८ नोव्हेंबर. पण मागे जाताना आपण चिपचा ३१ नोव्हेंबर ओलांडला आणि तो मोजलाच नाही, कारण आपल्या कॅलेंडरात तो नाही. आता २८ नोव्हेंबरला अंतर किती ते पुन्हा काढलं तर दोन येतं. तीन आणि दोन जुळत नाहीत, यावरूनच कळतं की वाटेत तो जादा दिवस येऊन गेला. म्हणून दिवस एकाने वाढवायचा, २९ नोव्हेंबर. पडताळा घ्या. चिपवर २९ नोव्हेंबर २०१८, अंतर दोन, खरी तारीख १ डिसेंबर. जुळलं.

तसंच ३ डिसेंबर २०१८ घ्या. तीन मागे गेलं की ३० नोव्हेंबर, एक वाढवला की ३१ नोव्हेंबर. ड्रायव्हर इथे जाणूनबुजून एक अशक्य तारीख चिपमध्ये लिहितो. कोडमध्ये त्या ओळीपुढे उद्गारचिन्हासकट इशारा आहे की इथे ३१ येऊ शकतो. तो इशारा नसता तर पुढे कधीतरी एखाद्या दक्ष माणसाने तिथे 'दिवस ३० पेक्षा जास्त नको' अशी तपासणी घातली असती आणि सगळी दुरुस्ती मोडली असती.

अंतर फार वाढलं आणि मागे जाताना सबंध नोव्हेंबर ओलांडून ऑक्टोबर गाठला, तर दिवस वाढवण्याऐवजी एक दिवस कमी मागे जायचं, अशी दुसरी फांदीही आहे. हे सगळं २३८१ सालापर्यंत चालेल असं टिप्पणी सांगते, कारण २०१६ अधिक ३६५. त्यापुढे अंतर वर्षापेक्षा मोठं होईल आणि एकाच उडीत दोन ३१ नोव्हेंबर ओलांडले जातील. चिपचे वर्षाचे दोन अंक २०९९ लाच संपतात, तरी आपल्या गणिताची हद्द कुठे आहे हे लिहून ठेवणं मला जबाबदारीचं लक्षण वाटतं.

अलार्म विसरून चालत नाही. अलार्मची रजिस्टरं चिपच्याच कॅलेंडरात तुलना करतात. ५ डिसेंबर २०१८ ला पहाटे मशीन जागं व्हावं म्हणून रूपांतर न करता ५ डिसेंबर लिहिलं, तर चिपचा ५ डिसेंबर खऱ्या ८ तारखेला उजाडेल. लिहायचा होता २ डिसेंबर. पॅचमध्ये वेळ वाचणं, वेळ लिहिणं, अलार्म वाचणं आणि अलार्म लावणं या चारही जागी रूपांतर घातलेलं आहे. अशा दुरुस्तीत चारपैकी तीनच जागा सापडणं ही नेहमीची चूक आहे, आणि उरलेली चौथी बहुतेक वेळा अलार्मचीच असते.

याची किंमत

ही वाट निवडली की एक अट येते आणि पॅचने ती लपवलेली नाही. तीच चिप वाचणारं दुसरं कोणतंही सॉफ्टवेअर असेल, मुख्यतः फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेलं, सुरुवातीला चालणारं सॉफ्टवेअर), तर त्यालाही हेच गणित आणि हाच जुळणीचा दिवस वापरावा लागेल. क्रोमबुकवर कर्नलच्या आधी कोअरबूट हे फर्मवेअर चालतं. बूटच्या घटना वेळेसह नोंदवायच्या तर त्यालाही आरटीसी वाचावी लागते. फर्मवेअरने साधी तारीख वाचली आणि कर्नलने रूपांतरित केलेली, तर एकाच मशीनच्या दोन नोंदींत काही दिवसांचा फरक पडेल आणि बिघाड शोधणारा माणूस त्या फरकात गुंतून पडेल. २०१६ नंतर कुणी 'आमच्या सिस्टीमला १ जानेवारी २०२० सोयीचा' म्हणून वेगळा दिवस धरला, तर त्याचं गणित स्वतःपुरतं निर्दोष असूनही घड्याळ चार दिवस चुकेल. म्हणून ही अट ड्रायव्हरमधल्या टिप्पणीत ठळकपणे लिहिलेली आहे. कमिटचे संदेश फार थोडे लोक शोधून वाचतात. कोडशेजारची टिप्पणी मात्र बदल करायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरच असते.

असा ड्रायव्हर तुमच्या हाती आला तर तपासायचं कसं? मशीनवर पाहायचं असेल तर आधी नेटवरून वेळ घेणारी सेवा बंद करा, नाहीतर ती मागून येऊन चिपमध्ये खरी वेळ लिहील आणि चूक दिसणारच नाही. मग बाराही महिन्यांचे शेवटचे दिवस एकेक लावा, मध्यरात्रीच्या पाच सेकंद आधीची वेळ द्या, दहा सेकंद थांबा, वाचा. फेब्रुवारी दोनदा, लीप आणि साधा. संध्याकाळच्या एका चहात होणारं काम आहे.

गणित तपासायला मशीन लागतच नाही. २०१६ ते २०९९ या ८४ वर्षांत ३०,६८१ दिवस येतात. प्रत्येक दिवस चिपच्या कॅलेंडरात नेऊन परत आणा, तोच दिवस मिळाला पाहिजे. पण एवढ्यावर थांबू नका. रूपांतर दोन्ही दिशांनी सारखंच चुकलं असेल तर ही कसोटी पार होते. दुसरी कसोटी अशी की आजच्या दिवसाचं चिपमधलं रूप घ्या, चिपच्या नियमाने ते एक दिवस पुढे ढकला, आणि ते उद्याच्या रूपाशी जुळतं का पाहा. ३० नोव्हेंबरनंतर ३१, ३१ नंतर १ डिसेंबर. मशीन बंद असताना चिप एकटी पुढे जाते तेव्हा नेमकं हेच घडत असतं, म्हणून खरी परीक्षा ही.

कॅलेंडर कुणी सांभाळावं

या प्रकरणाशेजारी मला नेहमी दुसरं एक आठवतं. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे झून ३० हे म्युझिक प्लेअर जगभर एकाच दिवशी अडकून पडले. त्यांच्यातली घड्याळाची चिप फ्रीस्केल कंपनीची होती आणि तिला कॅलेंडर ठाऊकच नव्हतं. ती फक्त १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस आणि दिवसातले सेकंद मोजायची. दिवसांवरून वर्ष काढायचं काम ड्रायव्हरचं. त्याचा लूप ३६५ पेक्षा जास्त दिवस उरले असतील तोवर फिरायचा. लीप वर्ष असेल तर ३६६ पेक्षा जास्त उरले असतानाच वजाबाकी करायचा. २००८ लीप वर्ष, ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. उरलेले दिवस नेमके ३६६. वजाबाकी होईना आणि लूप सुटेना. बॅटरी पूर्ण संपू द्या आणि १ जानेवारीला ग्रीनिचची दुपार उलटल्यावर सुरू करा, असा सल्ला कंपनीने दिला.

तिथे चिप बरोबर होती आणि ड्रायव्हर चुकला. इथे ड्रायव्हर बरोबर होता आणि चिप चुकली. झूनचा बिघाड वरवर पाहता कितीतरी मोठा, पण तो एका अटीतल्या चुकीचा होता, नव्या फर्मवेअरने कायमचा निघण्यासारखा. आरके८०८ ची चूक तशी किरकोळ, पण ती चिप जिवंत आहे तोवर प्रत्येक सॉफ्टवेअरला तिचा हिशेब वाहावा लागणार. म्हणून माझं मत असं बनलं आहे की घड्याळाच्या चिपने सेकंद मोजावेत, फार तर दिवस मोजावेत, आणि कॅलेंडर सॉफ्टवेअरवर सोडावं. महिन्यांचं कोष्टक सिलिकॉनमध्ये कोरून मिळते ती सोय थोडी, आणि एक आकडा चुकला तर तो परत घेता येत नाही.

पॅच लागलेल्या मशीनवर वापरणाऱ्याला आज यातलं काहीच दिसत नाही. आत चिप आपल्या कॅलेंडरने चालते आहे. २०१६ साली तिचा ३१ नोव्हेंबर आपल्या १ डिसेंबरला आला. २०१७ साली २ डिसेंबरला. असा दरवर्षी एकेक दिवस पुढे सरकत २०२६ मध्ये तो ११ डिसेंबरला येतो, आणि त्या दिवशी झाकण उघडलं की पडद्यावर ११ डिसेंबरच दिसतो.